गोड्या समुद्राचा ला साल

तलाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सुरसागर येतो. बांधलेला काठ, मधले पाणी आणि पलीकडच्या काठावर ओळखू येणारी घरे. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांना ही कल्पना लावून चालत नाही. त्या पाचांच्या पाण्याचे क्षेत्रफळ सुमारे 2,44,000 चौरस किलोमीटर भरते. आजच्या महाराष्ट्राचे पाच भाग केले तर त्यातले चार भाग भरतील एवढे ते पाणी आहे. काठावर उभे राहिले तर समोर केवळ क्षितिज दिसते, लाटा फुटतात, वादळे होतात, फक्त ओंजळ भरून तोंडाला लावली तर पाणी गोड लागते. पहिल्या फ्रेंच प्रवाशांनी त्यांतल्या एकाला गोडा समुद्र असेच नाव दिले होते. नायगराच्या धबधब्यावरील सरोवरांत शिडांचे पहिले मोठे जहाज ज्याने सोडले, आणि सहा आठवड्यांत जे गमावले, त्या ला साल नावाच्या फ्रेंच गृहस्थाचे हे चरित्र आहे.

त्याचे पूर्ण नाव रने रोबेर काव्हेलिए. ला साल हे घराण्याच्या जमिनीवरून घेतलेले नाव. त्याचा जन्म 1643 सालच्या नोव्हेंबरात नॉर्मंडीतील रुआँ शहरी एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. लहानपणी जेझुइट पाद्र्यांकडे शिक्षण झाले आणि पुढे त्याच संप्रदायाची दीक्षाही त्याने घेतली. पण अंगात स्वस्थता नव्हती. दुसऱ्याच्या आज्ञेत राहणे त्याला कधीच जमले नाही. 1667 साली त्याने दीक्षेतून मोकळीक मागून घेतली. मात्र अपरिग्रहाच्या व्रतामुळे वडिलांच्या संपत्तीवरचा त्याचा हक्क सुटला होता. संन्यासही गेला आणि वारसाही गेला, अशा अवस्थेत हा तेवीस वर्षांचा तरुण कॅनडात उतरला. त्याचा वडील भाऊ झाँ तेथे सुल्पिशियन संप्रदायाचा पाद्री होता. या भावाचे नाव लक्षात ठेवावे, शेवटी त्याचे काम पडणार आहे.

त्या संप्रदायाने त्याला माँट्रियल बेटावर जमीन दिली. पण शेतीत त्याचे लक्ष कसले लागते! पश्चिमेकडे एक मोठी नदी आहे असे तेथील मूळ रहिवासी सांगत आणि त्या नदीने चीनच्या समुद्राला पोचता येईल असे याने मनाशी ठरविले. दोन वर्षांत जमीन विकून तो निघालाही. चीन काही सापडला नाही. गावच्या लोकांनी थट्टेने त्याच्या जमिनीला ला शीन, म्हणजे चीन, असे नाव ठेवले आणि माँट्रियलचा तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो.

1672 साली काउंट फ्राँतनाक कॅनडाचा गव्हर्नर होऊन आला आणि ला सालचे दिवस पालटले. दोघेही मानी, दोघेही जेझुइटांवर नाराज, आणि दोघांची दृष्टी पश्चिमेकडे. ऑन्टारियो सरोवराच्या तोंडाशी, आज जेथे किंग्स्टन शहर आहे तेथे, फ्राँतनाकने 1673 साली किल्ला उभारला आणि 1675 साली राजाकडून तो ला सालला जहागीर म्हणून मिळाला. सोबत सरदारकीही मिळाली. दरबारच्या आश्रयाने वर आलेली आणि आश्रयदाता जाताच उघडी पडलेली घराणी आपल्या शहरांनी पुष्कळ पाहिली आहेत. ला सालचे भाग्यही त्या एका माणसाच्या अधिकाराला बांधलेले होते, आणि ही गोष्ट त्याने कधी मनावर घेतलेली दिसत नाही.

12 मे 1678 रोजी चौदाव्या लुईने त्याला परवाना दिला. पश्चिमेचा मुलूख शोधावा, वाटेत किल्ले बांधावेत, पाच वर्षे गव्यांच्या कातड्यांचा व्यापार एकट्याने करावा. परंतु यात दोन अटी होत्या. सर्व खर्च स्वतःचा, आणि जी माणसे बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी माँट्रियलला आणून विकत त्यांच्याशी मध्येच गाठून व्यापार करावयाचा नाही. राजाने एक पैसाही न देता एक साम्राज्य मिळविण्याची ही युक्ती होती. ला सालने नातेवाइकांकडून आणि सावकारांकडून जबर कर्ज काढले. पुढचे सगळे या कर्जातून निघते.

फ्रान्समधून येताना त्याने सुतार, लोखंडी सामान, दोर आणि नांगर आणले, आणि आँरी द तोंती नावाचा एक इटालियन शिपाईगडीही आणला. सिसिलीच्या लढाईत तोंतीचा एक हात उडाला होता आणि त्या जागी तो धातूचा हात वापरी. त्याचा बाप लोरेंझो याने सुचविलेल्या वर्गणीच्या योजनेला युरोपात अजून तोंतीन म्हणतात. ला सालला आयुष्यात मिळालेली सर्वांत मोठी दौलत कोणती असे विचारले तर मी या तोंतीचे नाव घेईन. राजाचा परवानाही त्यापुढे फिका.

आता जहाजच का, हे सांगितले पाहिजे. भूर्जाच्या सालीची होडी दोनचार माणसे खांद्यावर घेऊन जमिनीवरून नेऊ शकतात, पण तिच्यात माल किती मावणार? शेकडो मैलांवरून कातडी आणून कर्ज फेडावयाचे तर मोठे जहाज हवे. आणि ऑन्टारियो सरोवरातले जहाज वर जाऊ शकत नाही, कारण मध्ये नायगराचा धबधबा, सुमारे पन्नास मीटरांचा कडा. म्हणून जहाज धबधब्याच्या वरच्या अंगालाच बांधणे भाग होते. नांगर, दोर, लोखंड, सगळे सामान माणसांच्या पाठीवरून बर्फातल्या चढावाने वर न्यावे लागले.

आरंभच अपशकुनी झाला. हे सामान घेऊन येणारे छोटे गलबत 1679 च्या जानेवारीत ऑन्टारियो सरोवरात किनाऱ्यावर आपटून फुटले. ला साल त्यावर नव्हता, तो उतरून पायी पुढे गेला होता आणि गलबत सुकाणूवाल्याच्या हवाली केले होते. नांगर व दोर तेवढे वाचले, धान्य व माल गेला. तरी 26 जानेवारीस नायगरा नदीच्या काठी जहाजाचा तळाचा कणा बसला. पहिला खिळा ठोकण्याचा मान त्याने सोबतच्या एनपँ नावाच्या पाद्र्याला देऊ केला. त्याने विनयाने नाकारला, तेव्हा ला सालने स्वतःच घाव घातला. हा एनपँ मोठा रंगेल लेखक. नायगराचे पहिले छापील चित्र 1697 साली त्याच्याच पुस्तकात आले. मात्र पुढे त्याने न केलेले प्रवासही आपल्या नावावर लिहून टाकले, तेव्हा त्याच्या लिखाणातले काय घ्यावे आणि काय सोडावे याचा विवेक ठेवावा लागतो.

घाव घालून ला साल परतला. फुटलेल्या गलबतातला माल भरून काढण्यासाठी आणि सावकारांना थोपविण्यासाठी तो दोन माणसे आणि सामान ओढणारा एक कुत्रा घेऊन बर्फावरून अडीचशे मैल आपल्या किल्ल्याकडे चालत गेला. शिधा म्हणजे भाजलेल्या मक्याची एक पिशवी, तीही वाटेतच संपली. चालण्याच्या बाबतीत या माणसाला तोड नव्हती.

मागे तोंतीच्या देखरेखीखाली काम चालले होते. भोवतीच्या सेनेका लोकांना आपल्या दारात हा तरंगता किल्ला उभा राहणे मुळीच रुचले नव्हते, आणि ते साहजिकच होते. त्यांनी मका विकण्याचे बंद केले. त्यांचा एक माणूस लोहारावर धावून गेला, तेव्हा लोहाराने भट्टीतले लाल लोखंड पुढे करून जीव वाचविला. जहाज जाळण्याचा बेत असल्याची बातमी त्यांच्यातल्याच एका स्त्रीने दिली. सुतार उपाशी आणि घाबरलेले होते. तेव्हा जहाज पुरे होण्याची वाट न पाहता वसंत ऋतूत ते घाईने पाण्यात लोटण्यात आले. पाद्र्याने मंत्र म्हटले, तीन तोफा उडाल्या आणि सगळ्यांनी ते देऊम म्हटले. हे लॅटिनमधले ईश्वराच्या आभाराचे प्राचीन स्तोत्र आहे. मुळात त्याला साथ नाही, ठेका नाही, मोजक्या स्वरांत सगळ्यांनी एका आवाजात ते म्हणावयाचे. ज्यांनी देवळात पंचवीस माणसांची एकसुरी आरती ऐकली आहे त्यांना त्याचा थोडा अंदाज येईल. त्या रात्रीपासून सुतार जहाजावर झोळ्या टांगून झोपू लागले. बऱ्याच महिन्यांनी त्यांना निर्धास्त झोप लागली.

जहाजाचे नाव ग्रिफाँ. धड सिंहाचे, डोके व पंख गरुडाचे असा हा काल्पनिक प्राणी, आपल्या देवळांवरच्या शरभाच्या जातीचा. फ्राँतनाकच्या कुलचिन्हात तो होता, म्हणून जहाजाच्या नाळेवर त्याची लाकडी आकृती बसविली. हा ग्रिफाँ कावळ्यांच्या वरून उडेल असे ला साल म्हणत असे अशी आख्यायिका आहे. कावळे म्हणजे काळ्या झग्यांचे जेझुइट. जहाजाचे वजन निरनिराळ्या वर्णनांत चाळीस ते साठ टनांच्या दरम्यान दिलेले आहे, तोफा सात. समुद्रावर त्याला कोणी मोठे म्हटले नसते. येथे मात्र तसे दुसरे नव्हतेच.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस शिवछत्रपतींच्या माणसांनी मुंबईसमोर खांदेरी बेटावर तटबंदी आरंभून इंग्रजांच्या गलबतांशी झुंज घेतली होती. पाण्यावर आपले काही असावे ही गरज एकाच काळात दोन टोकांना दोन वेगळ्या माणसांना जाणवत होती. फरक इतकाच की तेथे राज्य पाठीशी होते, येथे फक्त कर्ज.

ऑगस्टच्या आरंभी ला साल परत आला. दरम्यान सावकारांनी त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणल्याचे त्याला कळले होते. त्याने ते बाजूला सारले. नायगरा नदीच्या ओघाविरुद्ध जहाज ओढून नेण्यासाठी काठावरून बारा माणसे दोराला लावावी लागली. 7 ऑगस्ट 1679 रोजी ग्रिफाँ ईरी सरोवरात शिरले. पुन्हा तोफा, पुन्हा ते देऊम. पुढे काय खोली आहे, कोठे खडक आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शिसाचा गोळा दोरीने सोडून तळ चाचपीत ते रात्रंदिवस चालले. 12 तारखेस एका लहान सरोवरात शिरले, तो संत क्लेअरचा दिवस म्हणून त्याचे नाव सेंट क्लेअर पडले. मग ह्यूरन सरोवर, आणि तेथे वादळ. ला साललाही वाटले की आता संपले, आणि त्याने सर्वांना देवाची करुणा भाकण्यास सांगितले. सगळे गुडघ्यांवर बसले. बसला नाही तो एकटा ल्यूक, डेन्मार्कचा सुकाणूवाला. सारा महासागर पालथा घातलेल्या आपल्याला या माणसाने एका भिकार तळ्यात बुडून मरायला आणले, याबद्दल तो मालकाला शिव्या देत होता, असे एनपँ सांगतो.

त्या ल्यूकची चीड मला समजू शकते, पण त्याचे ज्ञान तेथेच तोकडे पडत होते. या सरोवरांच्या लाटा समुद्रासारख्या लांब आणि संथ उचलणाऱ्या नसतात. त्या आखूड, उभ्या आणि एकीमागून एक लगेच येतात. वाऱ्यापुढे पळावयाचे म्हटले तर पळायला जागा नसते, थोड्याच वेळात किनारा किंवा खडक येतो. शरद ऋतूतली वादळे तर फारच क्रूर. 1975 च्या नोव्हेंबरात सुपीरियर सरोवरात एडमंड फिट्झजेरल्ड हे दोनशेवीस मीटरांहून लांब पोलादी जहाज 29 माणसांसह बुडाले. मग लाकडाच्या ग्रिफाँची काय कथा!

27 ऑगस्टला ते मिशिलिमाकिनाकला पोचले. सोनेरी किनारीचा लाल झगा घालून ला साल प्रार्थनेला गेला, बाहेर शेकडो होड्या जहाज पाहायला जमल्या. तो झगा घालताना त्याच्या अंगावर किती कर्ज होते हे ठाऊक असलेल्याला ते दृश्य वेगळेच दिसेल. येथेच त्याला समजले की आधी पाठविलेल्या माणसांपैकी बरेच जण माल घेऊन पळाले आहेत. काहींना पकडले, उरलेल्यांच्या मागावर त्याने तोंतीला पाठविले, आणि आपण मिशिगन सरोवरात ग्रीन बेच्या मुखाशी गेला. तेथे काही इमानी माणसांनी भरपूर कातडी जमवून ठेवली होती.

आणि येथे त्याने तो निर्णय घेतला. कातडी जहाजावर चढवावी, जहाज नायगराला पाठवावे, सावकारांची तोंडे बंद करावी, आणि मग जहाजाने परत येऊन आपल्याला सरोवराच्या दक्षिण टोकाला गाठावे. हा व्यापार परवान्याच्या अटीत बसत नव्हता. ऋतू पालटत होता. तोंती जवळ नव्हता. आणि ज्याच्या हाती हे सर्वस्व द्यावयाचे तो ल्यूक हा त्याच्यावर उघड नाखूष असलेला माणूस. बरोबर पाच खलाशी. स्वतः जावे तर मिसिसिपीचा शोध एक वर्षाने लांबणार, आणि त्याला थांबणे माहीत नव्हते. 18 सप्टेंबर 1679 रोजी ग्रिफाँने निरोपाची एक तोफ उडविली आणि शिडे उभारली. ला साल चौदा माणसे व चार होड्या घेऊन दक्षिणेला वळला. लवकरच वादळ उठले. ग्रिफाँ पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाही.

सेंट जोसेफ नदीच्या मुखाशी त्याने महिनाभर वाट पाहिली. तोंती आला, जहाज आले नाही. डिसेंबरात तो पुढे निघाला. इलिनॉय नदीकाठी जानेवारी 1680 मध्ये त्याने किल्ला बांधला. त्याचे नाव क्रेव्हकर, म्हणजे हृदयभंग. तेथे दुसऱ्या जहाजाचा सांगाडा उभा केला, पण त्याची शिडे, दोर, लोखंड कोठून आणणार? 1 मार्चला पाच सोबती घेऊन तो पायी निघाला. वितळते बर्फ, पूर आलेल्या नद्या, दलदल. सुमारे हजार मैलांची ती वाट 65 दिवसांत तुडवून 6 मे रोजी तो आपल्या किल्ल्यात पोचला. तेथे ग्रिफाँची खबर नव्हती, आणि फ्रान्सहून त्याचा माल आणणारे जहाज सेंट लॉरेन्सच्या आखातात बुडाल्याची होती. पाठोपाठ तोंतीचा निरोप आला: मागे राहिलेल्या माणसांनी क्रेव्हकर मोडून, लुटून पळ काढला.

ग्रिफाँ पाण्यात लोटले तेव्हा ला साल तेथे नव्हता, आणि बुडाले तेव्हाही नव्हता. पहिले गलबत फुटले तेव्हा तो किनाऱ्याने चालत होता. क्रेव्हकर लुटला गेला तेव्हा बर्फात होता. जे काम स्वतःच्या पायांनी करण्याजोगे होते ते त्याने केले, आणि ज्यासाठी दुसऱ्यावर विसंबावे लागे ते बहुतेक फसले. माणसांशी तो कोरडेपणाने वागे, मनातले सांगत नसे, चुकीला क्षमा नसे. त्याला स्वतःला वाटे की सुकाणूवाल्यानेच दगा दिला, जहाज बुडवून माल लांबविला. पुढे तसा एक गोरा कैदी पाहिल्याची ऐकीव बातमीही त्याने खरी मानली. वादळाने जहाज बुडते ही साधी गोष्ट त्याच्या मनाला पटत नव्हती.

तरीही तो पुन्हा उभा राहिला हे नाकारता येत नाही. 1681 साली तोंती जिवंत सापडला आणि या वेळी जहाजाचा नाद सोडून ते होड्यांनीच निघाले. 9 एप्रिल 1682 रोजी मिसिसिपीच्या मुखाशी खांब रोवून त्याने तो सगळा मुलूख राजाच्या नावे लुईझियाना म्हणून जाहीर केला. तेथेही ते देऊम झाले. ज्यांची ती भूमी होती त्यांना कोणी विचारले नाही. त्याच साली फ्राँतनाकला माघारी बोलावणे आले, आणि नव्या गव्हर्नरने ला सालचा किल्ला ताब्यात घेतला.

तो फ्रान्सला गेला आणि 1684 च्या जुलैत चार जहाजे व सुमारे तीनशे माणसे घेऊन समुद्रमार्गे मिसिसिपीचे मुख गाठण्यास निघाला. त्या काळी समुद्रावर रेखांश मोजण्याचे साधन नव्हते. मुख चुकले आणि तो सुमारे चारशे मैल पश्चिमेला टेक्सासच्या किनाऱ्याला लागला. एक जहाज वाटेत स्पॅनिशांनी धरले होते. दुसरे, एमाब्ल, खाडीच्या तोंडाशी रुतून फुटले. तिसरे परत गेले. उरलेले ला बेल हे छोटे जहाज 1686 च्या आरंभी वाऱ्याने आपटून बुडाले, आणि त्या वेळीही ला साल दूर रानात वाट शोधीत होता. त्याच वर्षी तोंती त्याला भेटायला मिसिसिपीच्या मुखापर्यंत आला, कोणी नाही असे पाहून एक पत्र मागे ठेवून परतला.

वसाहतीत मोजकीच माणसे उरली तेव्हा 1687 च्या जानेवारीत ला साल मदतीसाठी पायी कॅनडाकडे निघाला. मार्चमध्ये गव्याच्या मांसावरून भांडण झाले. त्याचा भाचा मोरांजे आणि आणखी दोघांना सोबत्यांनीच झोपेत मारले. 19 मार्चला ला साल त्यांचा शोध घेत आला असता दुहो नावाच्या माणसाने गवतात लपून त्याच्या डोक्यात गोळी घातली. वय अवघे 43. अंगावरचे कपडे काढून घेऊन प्रेत झुडपात टाकून दिले. वाचलेली माणसे तोंतीच्या ठाण्यावर पोचली तेव्हा त्यांनी त्याचा मृत्यू लपवून ठेवला. त्याच्या भावाने, त्याच पाद्री झाँने, ला साल जिवंत असल्याचे भासवून त्याच्या नावावर तोंतीकडून कातडी उचलली. मेल्यानंतरही त्याच्या नावावर कर्ज चढतच राहिले.

ला बेल 1995 साली टेक्सासच्या खाडीत चिखलाखाली सापडले. पुरातत्त्वज्ञांनी भोवती पोलादी बांध घालून आतले पाणी उपसले. दहा लाखांहून अधिक वस्तू निघाल्या, त्यांत बहुतेक काचेचे मणी, काशाच्या तोफा आणि दोरांच्या वेटोळ्यावर पडलेला एका खलाशाचा सांगाडा. जहाजाचा सांगाडा आज ऑस्टिनच्या संग्रहालयात आहे. ग्रिफाँचा शोध मात्र अजून चालू आहे. गोड्या थंड पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा नसतो, म्हणून ते तळाशी बऱ्याच अंशी शाबूत असण्याचा संभव आहे. ते सापडल्याचे दावे अनेकदा झाले, एकही सिद्ध झाला नाही. 2001 साली मिशिगन सरोवरात, ग्रीन बेच्या मुखाजवळ, तळातून वर आलेला एक जुना लाकडी वासा दिसला. 2013 साली फ्रेंच आणि अमेरिकन तज्ज्ञांनी तो खणून काढला. तो जहाजाचा असावा असे काहींचे मत पडले, मासेमारीच्या जाळ्याचा खांब असावा असे इतरांचे. त्याच्याखाली जहाज नव्हते.